शेवळांना यमक कुठून आणायचं? अवघड खाद्यशब्दासाठी जवळचं यमक शोधण्याची रीत

जून उजाडला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात शहापूर-मुरबाडकडच्या बाया शेवळांच्या, म्हणजे एका पावसाळी रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात. ज्यांच्या घरी शेवळं शिजतात त्यांच्यासाठी तो सणच असतो. त्याच सुमारास कुणाचं डोहाळजेवण निघतं, कुणाचं बारसं, कुठे सोसायटीत रानभाज्यांचा कार्यक्रम ठरतो, आणि कुणाला तरी हौस येते की यंदा उखाण्यात शेवळं आणायचीच. पहिली ओळ झटकन होते. दुसऱ्या ओळीला गाडं अडतं. 'शेवळं'ला जुळणारं काय? डोक्यात 'देवळं' येतं, आणि देवळांचा त्या भाजीशी काही संबंध लागत नाही.

अशा वेळी बहुतेक जण शब्दच बदलतात. शेवळं जातात, पुरणपोळी येते, कारण पोळीला होळी, मोळी, चोळी, रांगोळी तयार असतात. मला ते बघवत नाही. आपल्या ताटातले खास शब्द उखाण्यांतून, बडबडगीतांतून गळतात ते असेच, यमक मिळालं नाही म्हणून. खरं तर पुरं यमक मिळालं नाही तरी जवळचं यमक जवळजवळ नेहमी मिळतं. ते शोधायची एक रीत आहे. ती इथे 'शेवळं' या एका शब्दावर सगळी करून दाखवते. शेवटी दुसऱ्या काही शब्दांवरही थोडक्यात लावून बघू.

आधी भाजी, मग शब्द

यमक शोधायला बसण्याआधी त्या पदार्थाचा सगळा पसारा कागदावर उतरवून काढा. हे काम टाळू नका, पुढची सगळी निवड यावर ठरते. जवळच्या यमकात आवाज थोडा कमी पडतो, आणि ती उणीव अर्थाने भरून काढायची असते. अर्थ त्याच स्वयंपाकघरातला असेल तर कान सहज माफ करतो. अर्थ परका असेल तर पुरं यमकसुद्धा ओढूनताणून आणल्यासारखं वाटतं.

शेवळांचा पसारा मोठा आहे. पहिल्या पावसाच्या आगेमागे रानात जमिनीतून वर येणारा हा कोंब. साफ करणं हेच निम्मं काम: बाहेरचं आवरण सोलायचं, आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं विळीवर बारीक चिरायचं. शेवळं खाजरी असतात. त्यांच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात. म्हणून जोडीला आंबट लागतंच. बाजारात शेवळांशेजारी काकडं विकायला असतात ती त्यासाठी. ही हिरवी आंबट फळं ठेचून त्यांचा रस भाजीत घालतात. काकडं नसली तर चिंच किंवा आमसूल. ठाण्यातल्या सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत शेवळं कोळंबी घालून होतात, खिम्यात होतात. हे सगळं वर्षातून महिना-दीड महिना.

आता यातले शब्द वेगळे काढा: जुडी, टोपली, सर, रान, कोंब, कोवळं, पिवळं, विळी, घसा, खाज, खवखव, आंबट, काकडं, कोळंबी, आजी, पंगत, वर्षातून एकदा. कोवळं आणि पिवळं यमकाचा विचार न करताच यादीत येऊन बसले, हे लक्षात आलं असेल. पुष्कळदा असं होतं.

शब्द कानाने मोडा

आता 'शेवळं' मोठ्याने म्हणा. लिहिलेलं बघू नका, ऐका. तीन तुकडे ऐकू येतात: शे, व, ळं. त्यातले स्वर असे: ए, अ, आणि शेवटचा लांबवलेला अं. व्यंजनं श, व, ळ. सुरुवातीचा श यमकाच्या कामाचा नाही, तो बाजूला ठेवा. उरलं '-एवळं'. पुरं यमक म्हणजे हा तुकडा जसाच्या तसा असलेला दुसरा शब्द. जवळच्या यमकात यातलं काहीतरी एक ढिलं सोडायचं. काय सोडायचं आणि काय घट्ट धरायचं, सगळी कला तिथे आहे.

मराठी कानाचा माझा अनुभव असा: शेवटचा स्वर कधीही सोडू नये. 'शेवळं'ला 'शेवटी' जुळत नाही, दोन अक्षरं सारखी असूनही. शेवटच्या स्वराला लागून असलेलं व्यंजन बदललं तरी चालतं, पण त्याच कुळातलं हवं. ळ आणि ल, ण आणि न, ट आणि ठ, द आणि ध या जोड्या कानाला भावंडांसारख्या वाटतात. मधलं व्यंजन बदललेलं तर बऱ्याचदा कळतही नाही.

लिहिलेल्यावर विश्वास ठेवू नका असं म्हणते त्याला कारण आहे. मराठीत एकाच अक्षराचे दोन उच्चार असतात. शेवळांमुळे घशाला सुटते ती 'खाज'. तिचा ज आणि 'आज', 'लाज', 'साज' यांचा ज एकच, जिभेचं टोक दातांमागे लागून येणारा. 'समाज'मधला ज टाळूचा. कागदावर खाज–समाज चोख जुळतात, म्हणून पाहिलं तर किंचित खटकतात. 'च'चंही तेच: चाकातला च वेगळा, चिखलातला वेगळा.

शब्दाला त्याची सगळी रूपं घालून बघा

मराठी शब्द एका रूपात थांबत नाही, आणि प्रत्येक रूप यमकांचं नवं दार उघडतं. ही सोय आपल्याला भाषेने फुकट दिली आहे. तरी उखाणा रचणारे बहुतेक जण पहिल्या रूपालाच अडून बसतात.

एकवचन: शेवळ. इथे 'केवळ' हे पुरं यमक मिळतं, पण ओळीच्या शेवटी ते उभं राहत नाही. 'केवळ'ला पुढे काहीतरी लागतं, तो शब्द टेकू मागतो. त्यापेक्षा ओंजळ, कातळ, वादळ, जवळ हे शब्द जास्त कामाचे. ते पावसातले आहेत, रानातले आहेत. कुणी पावसाळी कविता लिहीत असेल तर त्याने एकवचन घ्यावं असं मी सुचवेन.

लेखी अनेकवचन: शेवळे. इथे कावळे, मावळे, सोहळे, सगळे, आगळेवेगळे असा मोठा घोळका मिळतो. ठाणेकरांना घोडबंदर रोडवरचं ओवळेसुद्धा. पण हे रूप घेतलं की बाकीची भाषाही लेखी ठेवावी लागते. 'बाजारात आली शेवळे' म्हणून पुढे 'घर सगळं जेवलं' म्हटलं की तोल जातो.

बोलीतलं अनेकवचन: शेवळं. उखाण्यात, गाण्यात हेच बरं. त्याची यमकं पुढे सविस्तर पाहू.

मग विभक्तीची रूपं: शेवळाची, शेवळात, शेवळांना, शेवळांपाशी. 'शेवळात'बरोबर देवळात, जावळात, आणि थोडं सैल धरलं तर जंगलात. इथे एक सावधगिरी बाळगा. 'शेवळाला' आणि 'घराला' हे यमक नव्हे. तिथे फक्त प्रत्यय जुळलाय, आणि प्रत्यय कुठल्याही नामाचा कुठल्याही नामाशी जुळतो. ऐकणाऱ्याला त्यात मिळाल्याचं सुख नसतं. प्रत्यय बाजूला काढा आणि त्याच्या मागचं काय जुळतं ते बघा. 'शेवळाला–देवळाला' चालेल. 'शेवळाला–तांदळाला'ही चालेल, कारण '-अळा' उरतो.

जवळून लांब: यमकांची रांग

आता 'शेवळं' हे रूप धरून जवळून लांब जाऊ.

अगदी चिकटून: देवळं. फक्त पहिलं व्यंजन वेगळं.

एक व्यंजन बदललेलं: वेगळं. 'व'च्या जागी 'ग' आला, बाकी ए, अ, ळं सगळं तसंच. मला विचाराल तर 'शेवळं'चं सगळ्यात चांगलं यमक हेच. ऐकताना जवळजवळ पुरं वाटतं, आणि अर्थाने शेवळांना शोभतं. ही भाजी चवीला, रूपाला, मोसमाला वेगळीच आहे.

'ळ'चा 'ल' झालेला: जेवलं, ठेवलं, तेवलं, आणि गावाचं नाव हवं तर येवलं. ही मोठी उपयोगी रांग आहे, कारण क्रियापदं आहेत आणि मराठी वाक्य क्रियापदावरच संपतं. नवी मुंबईत कुणी आगरी-कोळी हळदीसाठी लिहीत असेल तर त्यांच्यासाठी ही रांग जवळची राहत नाही, पुरी होते. त्या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, नारळी पुनवेची 'नारली पुनव' होते. घणसोलीत किंवा दिवाळे गावात तो शब्द 'शेवलं' असा तोंडात बसला की जेवलं, ठेवलं चोख जुळतात. मात्र बोली आपली नसेल तर यमकापुरती उसनी घेऊ नका. तिथले लोक पहिल्याच शब्दाला ओळखतात.

पहिला स्वर बदललेला: कोवळं, सोवळं, ओवळं, सावळं, जावळं, पिवळं. '-वळं' पक्कं आहे, म्हणून हेही ऐकायला गोड लागतात. ए आणि ओ दोन्ही दीर्घ असल्यामुळे त्यातही 'कोवळं' जास्त जवळचं.

जीभ त्याच जागी ठेवणारे: एवढं, केवढं, तेवढं. हे अनेकांना सुचत नाहीत. दोन स्वरांच्या मध्ये आलेला ढ म्हणताना जीभ वर वळून पटकन खाली येते, ळ म्हणतानाही तशीच वळते. 'शेवळं' आणि 'एवढं' लागोपाठ म्हणून बघा.

फक्त स्वरांची साखळी राखणारे: वेचलं, पेरलं, घेतलं, बेतलं. व्यंजनं पार बदलली, ए–अ–अं तेवढं उरलं. उखाण्यात हे पातळ पडतं. रॅप करणाऱ्या मुलांना मात्र हेच हवं असतं. तिथे एका ओळीत तीन-चार वेळा तीच साखळी आली की तिचा ठेका होतो, आणि मग व्यंजनं कुणी मोजत नाही.

शेवाळं, शेवंती, शेवगा हे शब्दही डोक्यात येतील. ते यमक नाहीत, अनुप्रास आहेत. ओळीच्या सुरुवातीला किंवा मध्ये वापरा, शेवटी नको.

लिंग-वचन बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

इथे पुष्कळ उखाणे फसतात. 'शेवळं' नपुंसकलिंगी अनेकवचन आहे, म्हणून 'शेवळं आली', 'शेवळं कोवळी', 'शेवळं ठेवली'. 'कोवळं' आणि 'ठेवलं' ही एकवचनाची रूपं. म्हणजे 'बाजारात मिळाली शेवळं, किती ताजी नि कोवळं' हे चूक. यमक जुळलं, मराठी मोडलं. आजीच्या कानाला ते लगेच खटकेल, मग बाकीचा उखाणा कितीही चांगला असो.

उपाय सोपा आहे. दुसऱ्या ओळीत एखादं नपुंसकलिंगी एकवचनी नाम आणा आणि यमकाचा शब्द त्याला जोडा. रूप कोवळं. घर जेवलं. कालवण ठेवलं. रांधणं वेगळं. ऊन कोवळं. असं नाम शोधताना पहिल्या पायरीतली यादी पुन्हा उपयोगी पडते.

वजन

छंद-वृत्त न शिकलेल्यांनीही एवढं तपासावं. लांब अक्षर ते गुरू, त्याच्या दोन मात्रा; आखूड ते लघू, त्याची एक. 'शेवळं' म्हणजे गुरू, लघू, गुरू, मात्रा पाच. वेगळं, कोवळं, देवळं, जेवलं, येवलं, एवढं या सगळ्यांचं वजन हेच आहे, म्हणून त्यांच्यातला कुठलाही शब्द ठेका न बिघडवता बसतो. 'पिवळं' आणि 'सगळं' यांचा पहिला स्वर ऱ्हस्व, मात्रा चार. ते अर्धा श्वास आधी संपतात. 'शेवाळं' सहा मात्रांचं, ते लांबतं. आवाज जुळूनही ओळ लंगडी का वाटते, याचं उत्तर निम्म्या वेळा इथे सापडतं. कमी पडलेली मात्रा आधीच्या शब्दात भरता येते. खालच्या बडबडगीतात ते दिसेल.

उखाणा बांधून बघू

पहिला प्रयत्न, जो कुणीही करेल:

बाजारातून आणली मी ताजी ताजी शेवळं,
...रावांसोबत पाहिली कोकणातली देवळं.

यमक पुरं आहे. उखाणा पडलेला आहे. दोन ओळींत दोन वेगळ्या बातम्या आहेत आणि त्यांना जोडणारं काही नाही. आता 'देवळं' टाकून 'वेगळं' घेऊ:

पहिल्या पावसात आली टोपलीभर शेवळं,
...रावांच्या घरचं रांधणंच वेगळं.

इथे यमक एका व्यंजनाने कमी आहे आणि उखाणा कितीतरी बरा. नवी सून सासरच्या स्वयंपाकघराबद्दल बोलतेय, आणि शेवळं हा त्याचा पुरावा आहे. 'वेगळं' कौतुकानेही म्हणता येतं आणि थोडं चिडवतही. सासूबाई समोर बसलेल्या असतील तर ही मोकळीक फार कामाची.

'जेवलं' घेऊन:

पहिल्या सरीबरोबर दारात आली शेवळं,
...रावांच्या पंगतीला सारं घर जेवलं.

'एवढं' घेऊन:

वर्षातून महिनाभर मिळतात ही शेवळं,
...रावांनी घेऊन यावी, मागणं माझं एवढं.

या तिन्हींत अनोळखी शब्द पहिल्या ओळीच्या शेवटी आहे आणि ओळखीचा दुसरीच्या. हा क्रम शक्यतो पाळा. 'शेवळं' ऐकल्यावर समोरच्या बायका मनातल्या मनात अंदाज बांधायला लागतात की आता काय जुळवणार, आणि ओळखीचा शब्द नेमका येऊन पडला की हशा किंवा वाहवा मिळते. उलट क्रमात अनोळखी शब्द यमकासाठी धरून आणलेला वाटतो. गंमत करायची असेल तर मात्र उलट क्रमच हवा:

पैठणीसाठी निघाले होते गाठायला येवलं,
वाटेत ...रावांनी घेतली जुडीभर शेवळं.

येवलं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर जरीचा पदर येतो, आणि तिथे शेवळं येऊन पडतात. 'ळ' आणि 'ल'चा फरक त्या हशात कुणाला ऐकूही येत नाही.

'देवळं' मी आधी टाकून दिलं होतं, पण विभक्ती लावून आणि ठाण्यात उभं राहून ते परत घेता येतं. कौपिनेश्वराचं देऊळ जांभळी नाक्याच्या बाजाराला लागूनच आहे. म्हणून:

कौपिनेश्वराला हात जोडले उभी राहून देवळापाशी,
...रावांचा पाय अडला बाहेर येऊन शेवळांपाशी.

आता देऊळ आणि भाजी एकाच रस्त्यावर आली आणि पुरं यमक सार्थकी लागलं. ज्याला ठाण्याचा बाजार माहीत नाही त्याला हा उखाणा साधा वाटेल. ठाणेकराला तो बाजार समोर दिसेल. यमक अर्थाशी जुळत नसेल तर कधीकधी शब्द बदलण्याऐवजी ठिकाण बदलून बघावं.

रचनेचा प्रकार बदलला की नियमही बदलतात

उखाण्याला दोनच यमकं लागतात. लहान मुलांच्या गाण्यात ठेका जास्त महत्त्वाचा. प्रत्येक ओळ अकरा मात्रांची ठेवून:

टोपलीत शेवळं,
रूप किती कोवळं!
आजी गं, चिरू का?
आधी काढ पिवळं.

शेवटच्या ओळीत 'पिवळं' चारच मात्रांचं आहे, पण 'आधी काढ' सात मात्रांचं असल्यामुळे बेरीज अकराच राहते. शिवाय भाजी साफ करण्यातली मुख्य गोष्ट मुलाच्या तोंडी बसते, तीही न शिकवता. तिसरी ओळ मुद्दाम यमकाबाहेर ठेवली आहे. चारही ओळी जुळवल्या असत्या तर शेवटच्या यमकाची वाट बघण्यातली मजा गेली असती.

मोठ्या अभंगाच्या घाटात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं असतात आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणात येतं. तिथे मात्रा न मोजता अक्षरं मोजायची:

पावसाची सर । रानात शेवळं ।
चवीचं वेगळं । सुख देई ॥

यमकाचे दोन शब्द इथे इतके जवळ येतात की सैल यमक लगेच उघडं पडतं. 'एवढं' इथे मी घेणार नाही. 'वेगळं'च्या खाली उतरू नये.

गझलेत तर हिशेबच उलटतो. सुरेश भटांनी मराठीत रुजवलेल्या गझलेत काफियाच्या, म्हणजे तिथल्या यमकाच्या, आधीचा स्वर पक्का लागतो. 'ळं'च्या आधीचा 'अ' धरला तर शेवळं, वेगळं, मोकळं, सगळं, आंधळं, सोवळं हे सगळे निर्दोष काफिये होतात. उखाण्यात ज्याला आपण जवळचं म्हणालो ते इथे पुरं ठरतं. पण 'जेवलं', 'ठेवलं' इथे चालणार नाहीत. ळ म्हणजे ळ.

तरीही अडलं तर

शब्द ओळीच्या शेवटी ठेवलाच पाहिजे असं काही नाही. तो मध्ये घ्या आणि त्याच्या सोबतीणीला शेवटी बसवा. शेवळांच्या सोबतीला काकडं आहेतच, आणि काकडंला मराठीने भरभरून यमकं दिली आहेत: वाकडं, फाकडं, लाकडं, माकडं, साकडं.

शेवळांच्या जुडीबरोबर घ्यायचीच काकडं,
...रावांशी माझं कधी येत नाही वाकडं.

शेवळं आली, काकडं आली, आणि आंबट घातलं की खाज बाधत नाही हेही न सांगता आलं. हा उखाणा माझा सगळ्यात आवडता आहे. प्रत्येक पदार्थाला अशी एक सोबतीण असते: भाजीला तिचा मसाला, मासळीला तिचं आंबट, गोडाला त्याची वाटी. यमक पदार्थाच्या नावाला मिळालं नाही तर तिच्या दारात जा.

दुसरा उपाय आतल्या यमकाचा. 'चव' आणि 'खवखव' एकाच ओळीत आणा, 'चव घ्यायची तर खवखव सोसायची', मग ओळीच्या शेवटी साधं यमक असलं तरी कान भरलेला असतो.

कोश कसा बघायचा

कानाची यादी संपल्यावरच कोश उघडा. आधी उघडलात तर अर्थ नसलेले शब्द हाती लागतात आणि त्यांच्या मोहात पडायला होतं. कोशात विशेषणं पुल्लिंगी रूपात असतात. 'वेगळं' शोधलंत तर मिळणार नाही, 'वेगळा' मिळेल. म्हणजे शोधायचं '-वळा' आणि '-गळा', आणि मग मनात नपुंसकलिंग करायचं. क्रियापदं '-णे'ची असतात: जेवणे, ठेवणे, तेवणे. त्यांचा भूतकाळ आपणच करून घ्यायचा.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ साली आला आणि दुसरी आवृत्ती १८५७ साली. तो आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही आता इंटरनेटवर बघता येतात. जुन्या कोशांत 'कोवळा' हा 'कोंवळा' असा अनुस्वाराने लिहिलेला भेटतो. न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिणं १९६२ च्या नियमांनंतर थांबलं. एखादा शब्द सापडत नसेल तर अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. कागदावर चाळायची सवय असलेल्या ठाणेकरांना मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं. जुना कोश हातात घेऊन पानं उलटताना न शोधलेले शब्द भेटतात, तो लाभ पडद्यावर कमी होतो.

यादी झाली की तपासणी एकच. उखाणा कागद न दाखवता कुणाला तरी म्हणून दाखवा, शक्यतो पंखा आणि टीव्ही चालू असताना. हॉलमध्ये माइकवर, पोरांच्या गोंगाटात तो असाच ऐकू जाणार आहे. मग विचारा, शेवटचे दोन शब्द कुठले होते? दोन्ही आठवले तर यमक लागलं. एकच आठवला तर दुसरा बदला.

आणखी काही शब्द

चिंबोरी: हिला यमकांची कमी नाही, शिदोरी, तिजोरी, टपोरी, कटोरी. पण बाजारात चिंबोरीच्या नांग्या बांधलेल्या असतात ती 'दोरी' सगळ्यांत जवळची आणि सगळ्यांत खरी. दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या बाजारातून आणलेली चिंबोरी असेल तर दोरी सोडून दुसरीकडे बघूच नका.

निवटी: खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ही मासळी. पुरं यमक 'दिवटी', पण ते जुनं झालं. शेवटी, हनुवटी चालतात. मी 'करवंटी' घेईन. वजन वेगळं पडतं, पण कालवणाला नारळ फोडला की करवंटी हातातच असते.

खरवस: 'नवस' चोख बसतं आणि अर्थानेही गोठ्यातच राहतं. गाय सुखरूप व्यावी म्हणून बोललेला नवस, आणि मग घरोघर वाटलेला चीक. 'दिवस' एक स्वर सोडून जवळ आहे, 'कळस' आणि 'तुळस' त्याहून सैल. उखाण्यात तुळस आली की ओळ आपोआप अंगणात जाते, म्हणून सैल असूनही तिला यादीतून काढू नका.